बाहीच्या आतला त्रिकोण

बाहीचं तोंड थोडं उलटं करून आत बोट घातलं, की कापडाची एक घडी हाताला लागते. ती बाहेर ओढायची. मग एक त्रिकोणी पाकळी उलगडते, मनगटावरून निघून हाताच्या पाठीवर पसरते आणि तिचं टोक बोटांच्या पेरांवर येऊन टेकतं. तळहात मोकळा राहतो, त्यामुळे हवं ते धरता येतं. वरून वारा मात्र लागत नाही.

दीड वर्ष हे जॅकेट वापरूनही मला ही पाकळी ठाऊक नव्हती. जानेवारीतल्या एका पहाटे बेंगळुरूहून स्कूटरवरून नंदी बेट्टाकडे निघाले होते. हातमोजे घरीच राहिले होते आणि देवनहळ्ळी मागे पडेपर्यंत बोटं इतकी गारठली, की ब्रेक नीट दाबता येईना. रस्त्याकडेला थांबले, बाह्या खाली ओढून त्यात हात दडवायला लागले आणि त्या ओढाताणीत डाव्या बाहीतली घडी सुटली. उजव्या बाहीत शोधली, तिथंही होती. उरलेला रस्ता मी त्या दोन त्रिकोणांच्या आडोशानं गेले. एखादी कविता ओळ ओळ लावून वाचावी, तसं हे जॅकेट मी त्या दिवसापासून वाचायला लागले.

त्याचं नाव एम-६५. १९६५ साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेलं हे फील्ड जॅकेट. रंग ऑलिव्ह हिरवा, पुढे चार खिसे, लांबी कमरेच्या खाली. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ या १९७६ च्या चित्रपटात रॉबर्ट डी नीरोच्या अंगावर ते आहे, त्यामुळे जगभर ते अनेकांच्या डोळ्यांना ओळखीचं आहे. त्याची वंशावळ मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जाते. तोवर अमेरिकी सैनिकाला कमरेपर्यंतचं आखूड जॅकेट मिळत असे, आणि ते थंडीला पुरत नव्हतं. मग १९४३ चं मॉडेल आलं, लांब आणि चार खिशांचं. कोरियाच्या युद्धाच्या काळात १९५१ च्या मॉडेलला चेन आणि टिचबटणं आली. १९६५ ला कॉलरमध्ये दडवलेली टोपी आली, वेल्क्रो आलं.

१९४३ च्या जॅकेटमागची कल्पना साधी होती आणि आजही बाहेर हिंडणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे. एकच जाडजूड कोट देऊ नका, थर द्या. बाहेरचा थर वारा अडवील, आतले थर ऊब धरतील आणि थंडी कमी-जास्त होईल तसा माणूस थर घालील-काढील. ऊब धरते ती थरांमधली अडकलेली, न हलणारी हवा. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून गोधड्या शिवल्या त्या याच जाणिवेनं. या कामाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या पुरवठा खात्यात नियोजन विभागाचा प्रमुख होता जॉर्ज डोरिओ, जन्मानं फ्रेंच, पेशानं हार्वर्डचा प्राध्यापक. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्यानंच नव्या उद्योगांना भांडवल पुरवणारी एक कंपनी सुरू केली; आज ज्याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात त्याच्या आरंभीच्या कंपन्यांपैकी ती एक. बेंगळुरूत ज्या शब्दाभोवती अर्धं शहर फिरतं, त्या शब्दाचा आणि माझ्या अंगावरच्या या जॅकेटचा पूर्वज एकच निघावा याचं मला फार अप्रूप वाटतं.

मला ते चिक्कपेटजवळच्या रविवारच्या बाजारात मिळालं. सकाळी लवकर गेलं की तिथल्या फुटपाथवर घड्याळांचे पट्टे, पान्यांचे संच, जुने कॅमेरे आणि कपड्यांचे ढीग लागलेले असतात. परदेशातल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे कांडल्याला उतरतात, तिथून देशभर फुटतात, आणि एखाद्या गठ्ठ्यातून असा एखादा नग इथवर येतो. विकणाऱ्याला तो काय आहे हे माहीत होतं की नाही, सांगता येत नाही. त्यानं अठराशे सांगितले, तेराशेला दिला.

खरं सांगायचं तर हे माझं दुसरं जॅकेट. पहिलं घेतलं तेव्हा मी फक्त लांबून बघितलं होतं. एका दुकानात छान इस्त्री करून टांगलेलं, खांद्यावर पट्ट्या, दंडावर गरुडाचं चित्र, ‘ओरिजिनल आर्मी’ म्हणून सांगितलेलं. स्कंदगिरीच्या पायथ्याशी पहिल्याच फेरीत त्याची चेन मधूनच उलगडली आणि वर-खाली कुठंच सरकेना. दोन धुण्यांत रंग उतरून बादलीत आला. खिशाच्या कोपऱ्यावरची शिवण पाण्याच्या बाटलीच्या वजनानं उसवली. तो कपडा वाईट हेतूनं शिवला होता असं मी म्हणणार नाही. तो दिसण्यासाठी शिवला होता आणि दिसत होता. मला हवं होतं ते रोजचं जॅकेट. पहाटे हेसरघट्टाच्या माळावर पक्षी बघायला जाताना, संध्याकाळी अचानक आलेल्या सरीत स्कूटर हाकताना, तुरहळ्ळीच्या खडकांवर बसताना ज्याचा विचारही करावा लागू नये असं.

दुसरं जॅकेट घेण्याआधी ते वाचायचं कसं, हे मला एका शिंपीकाकांनी शिकवलं. बेंगळुरूच्या जुन्या पेटेत भावसार क्षत्रियांची बरीच घरं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या रंगारी आणि शिंपी काम करणारा हा समाज, घरात आजही जुन्या वळणाची मराठी बोलणारा. काकांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, दोन यंत्रं आणि भिंतीवर पांडुरंगाची तसबीर. मी बेळगावची, हे कळल्यावर त्यांनी कन्नड सोडली. ते उसवलेलं पहिलं जॅकेट मी त्यांच्यासमोर ठेवलं, तर त्यांनी बघण्याआधी ते पूर्ण उलटं केलं.

“वरून कुणीबी बघतंय अक्का,” ते म्हणाले. “कपडा आतून बघायचा.”

तेव्हापासून मी कुठलाही कपडा आधी उलटा करते. एम-६५ उलटं केलं की कळतं, आतही ते तितकंच पूर्ण आहे. जोडाच्या कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून त्यावर दोन समांतर टिपा मारल्या आहेत, त्यामुळे दशी कुठंच उघडी नाही. मी एकदा पट्टी लावून मोजलं: इंचाला दहा ते अकरा टाके, आणि पाठीपासून काखेपर्यंत त्यात फरक नाही. जिथं ताण येणार तिथं, म्हणजे खिशाच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना, आडव्या दाट टाक्यांची छोटी गाठ आहे. कारखान्यात तिला बारटॅक म्हणतात. माझ्या पहिल्या जॅकेटला नेमकी तीच नव्हती. काकांनी बोटाच्या नखानं ती जागा दाखवली होती आणि काही न बोलता जॅकेट परत दिलं होतं.

आता कापड. अर्धं सूत आणि अर्धं नायलॉन, सॅटिन विणीचं. या विणीत उभे धागे आडव्या धाग्यांवरून लांब उड्या घेतात, त्यामुळे कापडाचा दर्शनी भाग दाट आणि गुळगुळीत होतो, वाऱ्याला शिरायला फटी कमी उरतात. सूत असल्यामुळे अंगाला चिकटत नाही, घाम कोंडत नाही. नायलॉन असल्यामुळे काट्याकुट्यांत फाटत नाही. हेसरघट्ट्याच्या बाभळी-बोरींतून मी त्यात चार हिवाळे काढले आहेत. कापडावर ओरखड्यांच्या फिक्या रेघा आहेत, भोक एकही नाही. वजन म्हणाल तर चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम. हातात घेतल्यावर जाणवतं, अंगावर चढलं की विसरायला होतं, कारण भार खांद्यांवर सारखा पसरतो.

रंगाला सैन्यात क्रमांक होता, ऑलिव्ह ग्रीन १०७. नव्या जॅकेटचा तो रंग मी कधी पाहिलेला नाही. माझ्याकडे आला तो चाळीस वर्षांच्या उन्हानं आणि धुण्यानं उतरलेला. शिवणींच्या खाचांत अजून गर्द आहे, खांद्यांवर आणि कोपरांवर वाळलेल्या शेवाळासारखा झाला आहे. युद्धाच्या रंगांचा इतिहास आपल्या आसपासच घडलेला आहे, हेही त्याकडे बघताना आठवतं. १८४६ च्या सुमारास पेशावरकडे हॅरी लम्सडेननं आपल्या गाइड्स पलटणीला धुळीच्या रंगाचे कपडे दिले. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. त्यानंतर काही वर्षांतच मंगळूरच्या बासेल मिशनच्या विणकाम शाळेत जॉन हॉलर यानं पक्का खाकी रंग तयार केला असं मंगळूरकर अभिमानानं सांगतात, आणि त्यासाठी बिब्ब्याचा उपयोग झाला असंही सांगतात. बिब्ब्याचा डाग जात नाही हे आपल्या परटांना कधीपासून ठाऊक होतं. कपड्यांवर खुणा ते त्यानंच करत. बेंगळुरूत तर १८०९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणहून छावणी हलवून आणली आणि तेव्हापासून एका बाजूला पेटे आणि दुसऱ्या बाजूला कँटोन्मेंट असं हे शहर दोन अंगांनी वाढलं. इथल्या बिन्नी मिलची लोकरीची कांबळी एकेकाळी घराघरांत होती. शिंपीकाकांच्या वडिलांकडेही तसलं एक कांबळं होतं, दुकानात दुपारी ते त्यावरच आडवे व्हायचे.

खिसे चार. वरचे दोन छातीवर, खालचे दोन मांडीला लागतील असे. हे सगळ्या जॅकेटांना असतं असं वाटेल, पण यांची जागा बघण्यासारखी आहे. वरचे खिसे असे बेतले आहेत, की पाठीवर सॅक असतानाही पट्ट्याच्या आतल्या बाजूनं हात जातो. खालचे इतके मोठे, की सलीम अलींचं ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आडवं न करता सरळ बसतं. हे पुस्तक १९४१ सालचं आणि हा खिसा १९४३ च्या घराण्यातला; माळावर वाकून बसताना दोघं एकमेकांसाठीच केल्यासारखे वाटतात. झाकणं टिचबटणांची आहेत. थंड बोटांना काज-बटण लावणं किती अवघड जातं ते मला त्या जानेवारीत कळलं. टिचबटण अंगठ्याच्या दाबानं लागतं आणि टिच् असा आवाज करून लागल्याचं सांगतं, अंधारातही.

मागच्या बाजूला दोन्ही खांद्यांच्या खाली एकेक चुणी आहे. हात पुढे केला की ती उघडते, मागे घेतला की मिटते. पहिल्या जॅकेटमध्ये स्कूटरचं हँडल धरलं की पाठ आवळायची आणि बाह्या वर चढायच्या. यात पाठ श्वास घेते. मला हा भाग फार सुंदर वाटतो, कारण ती चुणी चालताना दिसतही नाही. हात लांब करण्याची वेळ येईल तेव्हाच ती असते.

कमरेला आतून एक नाडी आहे, तळाला दुसरी. कमरेची ओढली की वाऱ्याला वर चढायला वाट राहत नाही. चेनच्या वर कापडाची पट्टी आहे आणि ती पुन्हा टिचबटणांनी बंद होते, म्हणजे चेन बिघडली तरी जॅकेट मिटतं. आतल्या कडेला काही बटणं उगाच लावल्यासारखी दिसतात. ती अस्तरासाठी. अस्तर वेगळं येतं, आत भरण घालून चौकड्यांत टाकलेल्या टाक्यांचं. आपल्या गोधडीची हलकी, नायलॉनची बहीण. बेंगळुरूत ते लागत नाही. इथं ९०० मीटरवर हिवाळ्यातलं पहाटेचं तापमान साधारण पंधरा-सोळापर्यंत उतरतं आणि दहाला ऊन होतं. घेताना अस्तर नसेल तर भाव पाडून घ्या आणि आत एक पातळ लोकरी स्वेटर घाला. महाबळेश्वरला किंवा त्याहून वर जाणार असाल तर मात्र अस्तरासह शोधा.

कॉलर. तिच्या मागच्या बाजूनं एक चेन जाते. उघडली की पातळ टोपी बाहेर येते. खरं सांगते, ही टोपी मला कधीच आवडली नाही. ती इतकी पातळ आहे, की सरीत पाच मिनिटांत भिजते आणि मग कॉलरमध्ये ओली घडी घालता येत नाही. वेल्क्रोचंही तेच. १९४० च्या दशकात एका स्विस इंजिनिअरला फिरायला गेल्यावर कुत्र्याच्या केसांत आणि आपल्या कपड्यांत चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून ती कल्पना सुचली. आपल्याकडच्या गोखरूची गोष्ट समजा. जॅकेटला ती नवीन होती तेव्हा मोठं कौतुक झालं असेल. पण ओढताना होणारा चर्रर्र आवाज माळावर पन्नास पावलांवरचा चंडोल उडवतो, आणि वर्षा-दोन वर्षांत धाग्या-केसांनी भरून त्याची पकड जाते. त्याआधीच्या मॉडेलचं बटण शंभर टक्के बरं होतं, असं माझं मत आहे.

पाऊस हा याचा खरा उणेपणा. मुळात कापडावर पाणी सरकवणारी प्रक्रिया केलेली असायची, ती धुण्यांनी केव्हाच गेली. रिमझिम असेल तर तासभर आत पाणी येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरची बेंगळुरूची संध्याकाळ मात्र वेगळी. चार वाजता ऊन, साडेपाचला बादलीनं ओतावं तसा पाऊस. त्यात हे जॅकेट पाणी पितं, जड होतं आणि घरात सुकायला दोन दिवस घेतं. काही जण मेण आणि पॅराफिन चोळून त्यावर इस्त्री फिरवतात. पाणी अडतं खरं, पण कापडाचा श्वासही थांबतो आणि दुपारी अंगाची काहिली होते. मी स्कूटरच्या डिकीत साधा रेनकोट ठेवते आणि जॅकेटकडून जेवढं त्यानं कबूल केलंय तेवढंच मागते. त्यानं वारा अडवायचं कबूल केलंय. आपल्या धनगरांची घोंगडी आणि इकडच्या कुरुबांची कांबळी ओली झाली तरी ऊब देतात. लोकरीला जे जमतं ते सुताला जमत नाही.

ज्या कुणाला असं जॅकेट घ्यायचं असेल, त्यानं आधी आतलं लेबल शोधावं. कागदी नव्हे, कापडावर छापलेलं. त्यात ८४१५ नं सुरू होणारा साठ्याचा क्रमांक असतो आणि कंत्राटाचा क्रमांक असतो. कंत्राटाच्या आधी डीएसए असेल तर जॅकेट १९७७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी त्या खात्याचं नाव बदलून डीएलए झालं. पुढच्या आकड्यांत साल असतं; माझ्या लेबलवर डीएलए १०० नंतर ८२ आहे. नकलेवर हे सगळं नसतं किंवा सगळ्या नगांवर एकच असतं. मग चेन दहा वेळा वर-खाली करावी, ती जाड दातांची असावी. काखेचं कापड उजेडाकडे धरावं, तिथं झिरझिरीत झालेलं कापड शिवूनही टिकत नाही. वास घ्यावा, डांबरगोळ्यांचा वास उन्हात जातो, बुरशीचा जात नाही. कोपर, खिशाच्या कडा, कॉलरची घडी झिजलेली असली तरी हरकत नाही. तिथं रफू होतं.

माप सांगणारी ओळ माझी सगळ्यांत आवडती. स्मॉल, शॉर्ट: उंची ६३ ते ६७ इंच, छाती ३३ ते ३७ इंच. मी पाच फूट चार इंच. बाजारात मिळणारी बहुतेक मध्यम आणि मोठ्या मापाची असतात, ती माझ्या गुडघ्याकडे येतात. हे एक माझ्या अंगावर बेतल्यासारखं बसलं. म्हणजे माझ्याआधी ते घालणारा कुणीतरी माझ्याएवढाच होता. सैनिक म्हटला की डोळ्यांसमोर जो धिप्पाड गडी येतो तसा तो नव्हता. बारीक, बुटका, कदाचित एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. छातीच्या उजव्या खिशावर त्याच्या नावाची पट्टी होती. ती कुणीतरी उसवून काढली आहे. सुईच्या भोकांची लांबट चौकट अजून दिसते आणि चौकटीच्या आत रंग जरा गर्द आहे, कारण तेवढ्या जागेला ऊन लागलं नाही. डाव्या बाजूला तशीच दुसरी चौकट आहे, तिथं सैन्याचं नाव असायचं. नाव किती अक्षरांचं होतं ते चौकटीवरून कळत नाही. ज्यानं हे बेतलं त्यालाही ते ठाऊक नव्हतं. त्याच्यासमोर होती मापांची यादी आणि एक अनोळखी शरीर, ज्याला थंडी वाजणार होती, हात पुढे करावा लागणार होता, हातमोजे विसरणार होते. ज्याला कधी विचारता येणार नाही अशा माणसाच्या अडचणी एकेक करून आठवायच्या आणि प्रत्येकीवर टीप मारायची, हे या कपड्याचं मला भावलेलं मर्म आहे. सरकारी कंत्राटाच्या कपड्यात इतकी माया असते हे मला आधी कळलं नव्हतं.

बेळगावात वाढल्यामुळे हे मला लहानपणापासून दिसत होतं, पण उमगलं नव्हतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. आमच्याकडे निवृत्त जवान गावोगाव. पहाटे डेअरीला दूध घालायला येणाऱ्या माणसाच्या अंगावर सैन्यातली हिरवी जर्सी, उसाला पाणी पाजणाऱ्याच्या अंगावर जुना कोट पारका, फीत-बिल्ले काढलेला, कोपरावर ठिगळ. सैन्याच्या जॅकेटचा रोजचा वापर म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं. साताऱ्याकडचं मिलिटरी अपशिंगे असो की शिरोळचं सैनिक टाकळी, या गावांत तो कोट शोभेचा नसतो. माझे एक नात्यातले मामा म्हणायचे, “कोट सरकारनं दिला, पण ऊब मिळवली मी.” १९६२ मध्ये नेफाच्या बर्फात आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते, हे मामांच्या पिढीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यांच्या पारक्याच्या जाड अस्तराकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते.

याच कारणानं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चट्ट्यापट्ट्यांचं, सध्याच्या भारतीय सैन्याच्या गणवेशासारखं जॅकेट घेऊ नका. १५ जानेवारी २०२२ च्या सैन्यदिनी नवा गणवेश दिसला, ‘निफ्ट’च्या सहकार्यानं केलेला, आणि त्या नक्षीचे हक्क सैन्यानं स्वतःकडे नोंदवून घेतले. २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर तर नागरिकांनी सैनिकी धाटणीचे कपडे घालू नयेत आणि दुकानदारांनी विकू नयेत असं आवाहन सैन्यानं केलं होतं. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूनं तसा पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेंगळुरूत अलसूरला मद्रास सॅपर्स आहेत, पॅराशूट रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र आहे. रस्त्यात खरा जवान भेटणं इथं रोजचं आहे. त्याच्यासमोर उसना गणवेश घालून उभं राहू नये. साधा एकरंगी हिरवा घ्या, आणि त्यावर कुणाच्या पलटणीचं चिन्ह शिवलेलं असेल तर उसवून टाका. अशा पट्ट्या ज्यांनी मिळवल्या त्यांच्याच.

गेल्या डिसेंबरात मी जॅकेट पुन्हा शिंपीकाकांकडे नेलं. मनगटाचं वेल्क्रो धरेनासं झालं होतं आणि डाव्या त्रिकोणाची कड विरली होती. त्यांनी ते उलटं केलं, बराच वेळ बघत राहिले. हात फिरवत शिवणीवरून कापडावर, कापडावरून शिवणीवर. मग त्रिकोण बाहेर काढला, माझ्या हातावर धरून बघितला आणि विचारलं, “हे कशाला?” मी स्कूटर, ब्रेक, बोटं, सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले. “ज्यानं बेतलं त्याच्या घरी कुणाला तरी गारठ्याचा त्रास असणार,” ते म्हणाले.

वेल्क्रो काढून त्यांनी तिथं काज केलं आणि बटण लावलं, मी सांगितल्याप्रमाणे. त्रिकोणाची कड नव्या पट्टीनं बांधली. हिरव्या रंगाचा नेमका धागा त्यांच्याकडे नव्हता, दोन छटा गर्द लागला, तो बाहेरून दिसत नाही. छातीवरच्या भोकांच्या चौकटीला त्यांनी हात लावला नाही.

लेबलवरच्या सूचना मी आधी कधी नीट वाचल्या नव्हत्या, अक्षरं पुसट झाली आहेत. त्या दिवशी दुकानातल्या दिव्याखाली वाचल्या. उबदार निवाऱ्यात शिरण्याआधी कपड्यावरचा बर्फ झटका, असं एक वाक्य आहे. पेटत्या स्टोव्हच्या धगीजवळ कपडा नेऊ नका, असं दुसरं. बर्फाची सूचना माझ्या उपयोगाची नाही. दुसरी आहे. नंदी बेट्टाच्या वाटेवर पहाटे एक चहावाली असते, स्टोव्ह दगडांच्या आडोशाला मांडून. सगळे त्याच्याभोवती हात शेकत उभे राहतात. मी चहा घेते, त्रिकोण उलगडून पेला धरते आणि एक पाऊल मागे उभी राहते.